लहान मातीचे धरण : उपयोग आणि सुरक्षितता



उमरी तालुक्यात पुराची दोन रूपे आहेत. पहिले गोदावरीचे. जायकवाडी, पूर्णेचे खोरे आणि विष्णुपुरी यांच्याकडून सुटलेले पाणी नांदेडवरून खाली येते आणि पुढे तेलंगणातील पोचमपाडचा जलाशय भरलेला असला म्हणजे त्याचा फुगवटा धर्माबाद-उमरीच्या दिशेने सरकतो. या पुराची दखल सारे राज्य घेते. त्याची पातळी मोजली जाते, इशारे निघतात, आणि बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवले जातात. दुसरे रूप ओढ्यानाल्यांचे. भोकरकडच्या चढाच्या मुलखातून उतरणारा एखादा नाला वर्षातील दहा महिने कोरडा असतो. गुरे त्यातून चालत जातात, मुले त्यात खेळतात. एका रात्री तोच नाला गावठाणाच्या भिंतीला लागतो आणि पहाटेपर्यंत ओसरूनही जातो. या पुराची पातळी मोजणारे कोणी नसते. शेतातील वाहून गेलेली माती आणि गोठ्यातील बुडालेली जनावरे एवढीच त्याची नोंद मागे राहते.

या दुसऱ्या प्रकारच्या पुराच्या वाटेवर गेल्या पन्नास वर्षांत मातीचे लहान बांध उभे राहिले आहेत. पाझर तलाव, साठवण तलाव, गावतलाव, लघुपाटबंधारे तलाव अशी त्यांची निरनिराळी नावे. त्यांच्याकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी दुष्काळाची आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो हात मातीकामावर होते. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. गावोगावचे कित्येक पाझर तलाव या योजनेचे अपत्य होत. खडी फोडण्यापेक्षा तलाव बांधणे केव्हाही चांगले, हा त्यामागील विचार योग्यच होता. मात्र ज्या बांधाचा जन्म दुष्काळात झाला, त्याची खरी परीक्षा अतिवृष्टीत होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. बांध उभा राहिला की ओढ्याच्या वाटेत पाण्याचा एक मोठा साठा तयार होतो. तो शाबूत आहे तोवर खालच्या गावाचा रक्षक. फुटला तर जो पूर निसर्गाने आणला नसता, तो पूर तो स्वतः आणतो.

मातीची धरणे मराठवाड्याला नवी नाहीत. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन तलाव जगत्तुंग समुद्र या नावाने प्रसिद्ध आहे, आणि त्या राजवटीला हजार वर्षे उलटून गेली आहेत. मातीचा बांध तकलादू असतो ही समजूत म्हणूनच खरी नाही. जगातील बहुसंख्य धरणे मातीचीच आहेत. माती स्थानिक मिळते, पाया कमकुवत असला तरी ती थोडी वाकते, बसते, पण तुटत नाही. तिचा शत्रू एकच, तो म्हणजे वाहते पाणी. माथ्यावरून वाहणारे असो वा पोटातून वाहणारे असो, ते मातीचा कण उचलून नेऊ लागले की बांधाचे आयुष्य काही तासांवर येते. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते बहुधा तग धरते. मातीच्या धरणावरून हातभर पाणी गेले तरी त्याची शाश्वती राहत नाही.

पूर अडतो तो रिकाम्या जागेत

लहान धरणाने पूर अडतो का, हा प्रश्न ग्रामसभांतून विचारला जातो. उत्तर होय असे आहे, परंतु त्यास अटी आहेत. त्या अटी समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे.

असा एक तलाव कल्पावा, की ज्याचे पाणलोट क्षेत्र ४ चौरस किलोमीटर आहे. त्यावर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले, तर ते सुमारे २ लाख घनमीटर भरते. तलावाची साठवण तेवढीच असेल आणि तो जूनमध्ये कोरडा असेल, तर हा संपूर्ण लोंढा तो पोटात घेईल. खालच्या गावाला पूर आल्याचे कळणारही नाही. आता हाच पाऊस सप्टेंबरमध्ये झाला असे मानावे. तलाव काठोकाठ भरलेला आहे. तरीही त्याचा काही उपयोग होतो, कारण सांडव्यावरून पाणी वाहू लागले की जलाशयाची पातळी वाढते. पाण्याचा पसारा १० हेक्टर असेल तर एक मीटर वाढीत आणखी १ लाख घनमीटर पाणी तात्पुरते थांबते आणि मग सावकाश खाली उतरते. पुराची एकूण रक्कम तीच राहते. फक्त ती एका हप्त्यात न येता पाच-सहा हप्त्यांत येते. ओढ्याकाठच्या घराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

मराठवाड्यातील अडचण अशी की, मोठे पाऊस पुष्कळदा ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात येतात. तेव्हा तलाव भरलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते भरलेले असलेच पाहिजेत. सिंचनाला भरलेला तलाव हवा आणि पूरनियंत्रणाला रिकामा, हा विरोध कोणत्याही अभियंत्याला पूर्णपणे मिटवता आलेला नाही. केवळ पुरासाठी बांधलेली मातीची धरणे अमेरिकेत ओहायो राज्यात पाहावयास मिळतात. १९१३ च्या मार्च महिन्यात डेटन शहर बुडाल्यानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात अशी पाच धरणे बांधण्यात आली; ती १९२२ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्या तळाशी कायम उघडे बोगदे आहेत. एरवी नदी त्यांतून नेहमीप्रमाणे वाहते आणि धरणामागील जमिनीवर शेती होते. पूर आला की बोगद्यात मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, बाकीचे मागे थांबते, आणि पूर ओसरला की धरण पुन्हा रिकामे होते. ज्या मुलखात जानेवारीतच टँकरची मागणी सुरू होते, त्या मुलखात असे कायम कोरडे ठेवावयाचे धरण कोणी मान्य करणार नाही, आणि ते मागणेही रास्त नाही.

तरीही मधला मार्ग आहे. ज्या तलावाला विमोचक आहे आणि त्याची झडप चालू स्थितीत आहे, तेथे जोराच्या पावसाचा इशारा मिळताच पातळी थोडी उतरवता येते. लहान तलावाचा विमोचक लहान असतो. एका दिवसात फार पाणी सुटत नाही. पण दोन-तीन दिवस आधी उघडला तर हातभर पातळी कमी होऊ शकते, आणि वर दिलेल्या उदाहरणात हातभर पातळी म्हणजे सुमारे ५० हजार घनमीटर रिकामी जागा होय. झडप वर्षानुवर्षे गंजून पडलेली असेल, तिची चावी कोणाकडे आहे हे गावात कोणालाच ठाऊक नसेल, तर ही चर्चा तेथेच संपते. पुष्कळ ठिकाणी ती तेथेच संपते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

धरण पूर कमी करते, तसा तो दुसरीकडे सरकवतेही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीत लेंडी नदीच्या खोऱ्यातील हसनाळ आणि आसपासची गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसे दगावली. तो प्रकल्प लहान नव्हता, आणि त्यातील प्रश्न पुनर्वसनाशीही निगडित होते. परंतु धरणाचा विचार करताना केवळ खालच्या अंगाकडे पाहून भागत नाही. पाण्याचा फुगवटा वर कोठवर जातो हेही गावाने जाणून घेतले पाहिजे. हे लहान तलावालाही लागू आहे. तलावाच्या काठाने नवी वस्ती उभी राहते ती उन्हाळ्यातील पाण्याची रेषा पाहून. पुराच्या वेळची रेषा त्याहून बरीच वर असते.

सांडव्याची रुंदी

लहान धरणाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग एकट्या सांडव्यात आहे. मोठ्या धरणाला दरवाजे असतात, ते चालविणारी माणसे असतात. पाझर तलावाला तसे काही नसते. एका कडेला जमिनीत कापलेली एक रुंद वाट, तिच्यावर दगडी किंवा काँक्रीटचा उंबरा, आणि पुढे ओढ्याला मिळणारी चर, एवढाच त्याचा पसारा. पूर रात्री दोन वाजता आला तरी कोणाला उठवावे न लागता पाणी आपोआप निघून जावे, अशी ती व्यवस्था होय. म्हणूनच ती जशी आखली तशीच राहणे आवश्यक असते.

वरच्या उदाहरणातील तलावाला २० मीटर रुंदीचा सांडवा आहे आणि सांडव्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा २ मीटर उंच आहे असे समजावे. उंबऱ्यावरून १ मीटर जाडीचा प्रवाह गेला तर अशा सांडव्यातून सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी जाते, आणि वर १ मीटर उंची शिल्लक राहते. ती शिल्लक लाटांसाठी, बांध खचण्यासाठी आणि हिशेबात न आलेल्या गोष्टींसाठी असते. आता दोन घटना घडतात, आणि दोन्ही सद्‌हेतूने घडतात. पाणी थोडे जास्त साठावे म्हणून गावकरी उंबऱ्यावर दगडमातीचा अर्धा मीटर थर रचतात. सांडव्याच्या चरीत बाभळी वाढतात, एका बाजूला कोणी धुरा सरकवून पेरणी करतो, आणि २० मीटरची वाट १० मीटरची होते. तोच ३४ घनमीटरचा पूर आता निम्म्या रुंदीतून जावयाचा म्हटल्यावर त्याला १ मीटरऐवजी जवळजवळ १.६ मीटर उंची लागते. त्यात अर्ध्या मीटरचा थर मिळविला की बेरीज २.१ मीटर होते. बांधाची उंची मात्र २ मीटरच आहे. उरलेले पाणी माथ्यावरून जाते. म्हणजे जो पूर तलावाने सहज सोसला असता, तोच पूर त्याला फोडतो, आणि त्यासाठी नेहमीपेक्षा अधिक पाऊस पडण्याचीही गरज नसते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथील मातीचे धरण एका हौशी मंडळाच्या ताब्यात गेले. बग्ग्या जाण्यास सोय व्हावी म्हणून त्याचा माथा थोडा उतरविण्यात आला, आणि तलावातील मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसविण्यात आल्या. पाणी खाली सोडण्याचे नळ त्यापूर्वीच काढून टाकलेले होते. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांना काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन गावात दोन हजारांवर माणसे मेली. गुजरातमधील मोरवीजवळचे मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले त्याचे कारण वेगळे होते. तेथे आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेपेक्षा फार मोठा होता. मधला दगडी सांडवा उभा राहिला आणि दोन्ही अंगांचे मातीचे बांध वाहून गेले.

सांडवा केवढ्या पुरासाठी आखावा याबद्दल भारतीय मानक संस्थेने १९८५ मध्ये मार्गदर्शक नियम केले आहेत. अर्धा ते १० दशलक्ष घनमीटर साठ्याच्या लहान धरणांना शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा आधार घ्यावा असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ शंभर वर्षे निश्चिंती असा नव्हे. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. पन्नास वर्षांच्या आयुष्यात ती एकत्रित धरली तर शंभरात चाळीसच्या घरात जाते. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना जरूर घालावे. शिवाय थोड्या तासांत फार मोठा पाऊस पडण्याचे प्रकार अलीकडे वारंवार दिसू लागले असल्याने जुन्या नोंदींवर आखलेले सांडवे पुन्हा तपासून पाहणे हे काम आता टाळता येण्यासारखे राहिलेले नाही.

बांधाच्या पोटातील पाणी

माथ्यावरून जाणारे पाणी दिसते. पोटातून जाणारे दिसत नाही. पाझर तलाव या नावामुळे एक गैरसमज रुजला आहे. तलाव पाझरण्यासाठीच बांधला, मग बांधातून पाणी आले तर काय बिघडले, असे म्हटले जाते. पाझर हवा तो तळातून, जमिनीत, विहिरींकडे जाणारा. भरावातून किंवा भराव व पाया यांच्या सांध्यातून येणारा पाझर हा निराळा विषय आहे. मधोमध चिकणमातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, गाभ्याखाली घट्ट थरापर्यंत नेलेली आणि चिकणमातीने भरलेली चर, खालच्या पायथ्याशी वाळू-खडी-दगडांची गाळणी, अशी भरावाची रचना असते. त्या रचनेचा उद्देश पाण्याला पूर्णपणे अडविणे हा नसून, त्याला मातीचा कण सोबत नेऊ न देणे हा असतो.

पायथ्याशी निघणारे पाणी स्वच्छ असेल आणि त्याचे प्रमाण तलावाच्या पातळीबरोबर कमीजास्त होत असेल, तर ते बांधाच्या प्रकृतीचे लक्षण समजावे. तेच पाणी गढूळ होऊ लागले, पातळी न वाढता वाढू लागले, किंवा पायथ्याच्या शेतात वाळूसह उकळीसारखे वर येऊ लागले, तर बांध आतून पोखरला जात आहे असे निश्चित मानावे. अशा वेळी वरून चिकणमाती टाकून भोक बुजविण्याचा प्रयत्न केला जातो. तो चुकीचा आहे, कारण पाणी दुसऱ्या ठिकाणी अधिक जोराने फुटते. उकळीवर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर दगड असा थर द्यावा. पाणी वाहू द्यावे, माती मात्र अडवावी. त्याच वेळी तलावाची पातळी उतरविण्यास सुरुवात करावी.

काळ्या मातीविषयी या भागात विशेष सांगितले पाहिजे. कापसाची काळी माती पाणी अडविण्यास उत्तम, पण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात शेतात पाय अडकावा अशा भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. म्हणून तिला मुरमाच्या आवरणाखाली झाकून ठेवतात. वर्षानुवर्षे पावसाने आवरण धुपले, गुरांच्या वाटांनी ते झिजले, की गाभा उघडा पडतो आणि त्या भेगांतून पहिल्याच मोठ्या पावसाचे पाणी शिरते. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूस, ग्रॅनाइटचा मुलूख लागतो. तेथे पाया आणि माती दोन्हींची जात बदलते, म्हणून एका गावचा नमुना दुसऱ्या गावी जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात भूकंपाचे धक्के जाणवले होते. असा धक्का बसल्यावर बांधाच्या माथ्यावरून एकदा चालून लांबट भेगा पाहणे, याला खर्च काहीच येत नाही.

पानशेतच्या दुर्घटनेत दुखणे नेमके पोटातले होते. धरणाचे आणि विमोचकाचे काम अपुरे असताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठले. विमोचकाच्या जागेवरील भराव खचू लागला आणि माथा पाण्याच्या पातळीकडे उतरू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून काही तास मिळवून दिले. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले, खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि पुण्याची नदीकाठची वस्ती उद्‌ध्वस्त झाली. मातीच्या भरावातून जेथे दगडी किंवा काँक्रीटची वस्तू जाते, तेथे दोन भिन्न पदार्थांचा सांधा राहतो, आणि पाणी त्या सांध्याच्या शोधात असते. गावातल्या तलावाच्या पाळीत मोटारीसाठी पाइप पुरण्याची सवय याच कारणाने घातक ठरते. चर खणून पाइप टाकला, वर माती लोटली, आणि दबाई न करता काम संपले, तर पाण्याला आयता रस्ता मिळतो. एका ओढ्यावर ओळीने तलाव असतील तर वरचा फुटल्यावर खालच्यांचे काय होते, हे पानशेत-खडकवासल्याने दाखविले आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. मृतांची संख्या वीसच्या पुढे होती. धरण जुने नव्हते. त्यातून गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. खेकड्यांनी धरण पोखरले असेही एक स्पष्टीकरण पुढे आले आणि त्याची पुष्कळ टिंगल झाली. खेकडे, घुशी आणि उंदीर मातीत बिळे करतात हे खरे आहे, आणि बिळे बुजविणे हा देखभालीचा नित्याचा भाग आहे. पण तेवढ्याने एखादे सुस्थितीतील धरण फुटावे, हे पटण्यासारखे नाही. बिळे वाढेपर्यंत, गळती दिसेपर्यंत आणि तक्रारी येईपर्यंत जो काळ जातो, तो काळ दुरुस्तीचा असतो.

देखभाल कोणी करावयाची

केंद्राचा धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला आणि ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. त्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. पण हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही विवक्षित धरणांना लागू आहे. गावचा सात-आठ मीटर उंचीचा तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतो. नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटनेकडून मोठ्या धरणांची पाहणी होते; तालुक्यातील प्रत्येक तलावापर्यंत तिने पोचावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे येतात, त्यावरील लहान कामे मृद व जलसंधारण विभागाकडे. एका शाखा अभियंत्याकडे असे कितीतरी तलाव असतात. तेव्हा जो माणूस रोज बांधावरून गुरे घेऊन जातो, त्याचे डोळे हीच पहिली तपासणी होय. त्याने पाहिलेले कोणाला सांगावयाचे, आणि ऐकणाऱ्याने ते कोठे लिहावयाचे, एवढी व्यवस्था ग्रामपंचायत करू शकते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरपंच, ग्रामसेवक, शाखा अभियंता आणि दोन जाणती माणसे यांनी बांधाची एक फेरी करावी. सांडव्यापासून सुरुवात करावी, कारण बहुतेक दोष तेथेच सापडतात. सांडव्यातील झुडपे मुळासकट काढावीत. उंबऱ्यावर रचलेले दगड उतरवावेत. या मुद्द्यावर गावात वाद होतो, आणि तो वाद मे महिन्यात झालेला बरा. भरावावरील बाभूळ-लिंबाची मोठी झाडे हा अवघड विषय आहे. झाड जिवंत असताना मुळे भरावात शिरतात. ते तोडले की मुळे कुजून पोकळ्या राहतात. म्हणून मोठे झाड अभियंत्याच्या सल्ल्यावाचून तोडू नये आणि लहान रोपटे मात्र एक पावसाळाही राहू देऊ नये. गवत असावे, ते माती धरते. माथ्यावर जेथे खळगा झाला असेल तेथे मुरूम टाकून दबाई करावी, कारण पाणी माथा ओलांडते ते सर्वांत खालच्या जागी.

गाळ काढण्याच्या कामातही एक सावधगिरी पाळावी लागते. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून पुष्कळ तलावांतील गाळ शेतांत गेला आणि साठवण वाढली. ती योजना लोकांना पसंत पडली हे नैसर्गिक आहे. परंतु बांधाच्या आतील पायथ्याशी साचलेला गाळ हे एक नैसर्गिक अस्तर असते. ते खरवडून खालचा मुरूम उघडा केला, तर पाझराची वाट मोकळी होते. शिवाय पायथ्याशी खोल खड्डा पडला की उतार घसरतो. म्हणून खोदाई बांधापासून पुरेसे अंतर सोडून, अभियंत्याने आखून दिलेल्या रेषेपलीकडेच करावी. खालच्या पायथ्यालगत वीटभट्टीसाठी किंवा घराच्या भरणीसाठी माती नेणे हा प्रकार तर पूर्णपणे बंद असावा.

शाळेचा यातील वाटा लहान पण मोलाचा आहे. एक साधे पर्जन्यमापक शाळेच्या आवारात असले आणि मुलांनी रोज सकाळी आठ वाजता त्याची नोंद केली, तर गावच्या पाणलोटात नेमका किती पाऊस पडला हे गावालाच कळते. मंडळाच्या ठिकाणचा आकडा पाच कोसांवरच्या ओढ्याला लागू पडतोच असे नाही. सांडव्याच्या भिंतीवर दर दहा सेंटिमीटरवर रंगाने रेघा आखल्या तर पाणी किती वाढले हे बॅटरीच्या उजेडातही वाचता येते. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी अभियंत्याच्या हाती आल्या, तर सांडवा पुरेसा आहे की नाही हे त्याला अंदाजाने नव्हे, हिशेबाने सांगता येईल.

राहिला प्रश्न त्या एका रात्रीचा. सांडव्यावरील पाणी ठरवून दिलेल्या रेघेवर पोचले की पोलीस पाटील आणि सरपंच यांना उठवावे. त्यांनी तहसील कार्यालयाला कळवावे आणि खालच्या गावाला थेट फोन करावा, कारण तहसीलमार्गे निरोप फिरून जाईपर्यंत वेळ निघून जातो. मोबाइल बंद पडतो हे गृहीत धरून मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा आणि दवंडी यांची तयारी असावी. ओढ्याकाठची कोणती घरे आधी हलवावयाची, त्यांतील अंथरुणाला खिळलेली माणसे कोण, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे आधी लिहून ठेवावे. माथ्यावरच्या सखल जागी पोती रचावीत; सांडव्यात एकही पोते टाकू नये. बांधाला बगल देऊन चर फोडावी की नाही, हा निर्णय अभियंत्याशिवाय कोणी घेऊ नये, कारण चुकीच्या जागी मारलेली कुदळ स्वतःच भगदाड पाडते. गढूळ पाणी दिसताच माथ्यावरची माणसे खाली उतरवून बाजूच्या उंचवट्यावर न्यावीत. गुरांची दावी संध्याकाळीच सैल करून ठेवावीत, कारण रात्री दावे कापायला कोणी परत गेला तर तो पुराच्या वाटेत सापडतो.

ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी आणि तिची एक प्रत खालच्या गावच्या सरपंचाकडे द्यावी. तलाव ज्यांच्या हद्दीत आहे त्यांना पाणी मिळते. पुराचा धोका मात्र बहुधा पुढच्या गावाचा असतो, आणि त्या गावाला या तलावाच्या देखभालीत आजवर कोणी बोलावलेले नाही. मे महिन्यातील फेरीला त्या गावचे दोन प्रतिनिधी असावेत, अशी शिफारस पंचायत समितीच्या बैठकीत सहज मंजूर होण्यासारखी आहे.